ऐन जिन्नस, नक्त आणि साडेबारा टक्के

एका रूपात ठरलेले देणे, चाकरी किंवा हक्क दुसऱ्या रूपात फेडण्याची अथवा उपभोगण्याची मुभा देणे, या व्यवहाराला इंग्रजी कायद्याने ‘कम्युटेशन’ असे नाव दिले. भाताऐवजी रोख सारा, वतनाच्या चाकरीऐवजी वार्षिक जुडी, दरमहाच्या निवृत्तिवेतनाच्या काही भागाऐवजी एकरकमी पैसा, फाशीऐवजी जन्मठेप, एवढेच काय, रोजच्या तिकिटाऐवजी महिन्याचा रेल्वे पास, ही सर्व या एकाच शब्दाच्या कक्षेत येणारी उदाहरणे होत. विक्रीत दोन्ही पक्ष बाजारात भेटतात आणि सौदा न पटल्यास परत जाऊ शकतात. कम्युटेशनमध्ये मात्र आधीचे एक बंधन किंवा हक्क अस्तित्वात असतो आणि त्याचे जे रूपांतर होते, त्याचा दर बहुधा दोहोंपैकी सबळ पक्ष ठरवतो. ठाणे खाडीच्या पूर्वेला बेलापूर, पनवेल आणि उरण यांच्या परिसरात, जेथे आज नवी मुंबई उभी आहे, तेथे गेल्या तीन-चार शतकांत अशी रूपांतरे वारंवार झाली, आणि त्यांच्या इतिहासात रूपांतराच्या तत्त्वापेक्षा दराचाच तंटा अधिक दिसतो.

हा प्रदेश मुळात भाताचा आणि मिठाचा. डोंगरउतारावर वरकस, सखल भागात खाचरे आणि खाडीलगत बांध घालून समुद्रापासून मिळवलेली खारी जमीन, अशी येथील शेताची विभागणी होती. खाऱ्या जमिनीच्या बाबतीत पनवेल-पेणच्या पट्ट्यात ‘शिलोत्री’ नावाची एक स्वतंत्र पद्धत रूढ होती. ज्याने भांडवल घालून बांध बांधला आणि जो त्याची दुरुस्ती करी, त्या शिलोत्रदाराला शेतकरी सरकारी साऱ्याखेरीज बिघ्यामागे ठरलेले भात देत असे. म्हणजे एकाच शेतातून सरकारसाठी, बांधाच्या मालकासाठी आणि गावच्या हक्कदारांसाठी असे भाताचे निरनिराळे वाटे निघत. बांध फुटून शेतात भरतीचे पाणी शिरले, तर शिलोत्रदाराच्या हक्कालाही बाधा येई. कारण देणे ज्या कामासाठी होते, ते काम वस्तुरूप देण्यामुळे दोघांच्या डोळ्यांसमोर राहत असे.

पेशवाईच्या दप्तरांत महसुलाचे दोन प्रकार नोंदलेले आढळतात. धान्य किंवा इतर वस्तूंच्या रूपाने घेतला जाणारा तो ‘ऐन जिन्नस’ आणि रोख घेतला जाणारा तो ‘नक्त’. ऐन जिनसाचे नक्तात रूपांतर करताना भाताचा जो सरकारी भाव धरला जाई, त्याला कोकणात ‘तसर’ म्हणत. हा भाव बाजारभावाशी जुळेलच असे नव्हते. बाजारभाव तसरीपेक्षा खाली गेला की, रोख भरणाऱ्याला तेवढ्याच साऱ्यासाठी अधिक भात विकावे लागे, आणि बाजार चढा असला की फायदा त्याच्या पदरात पडे; म्हणूनच सरकारला कोणत्या वर्षी धान्य घ्यावे व कोणत्या वर्षी रोकड घ्यावी, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे ठेवण्यात स्वारस्य होते. ही कल्पना पेशव्यांच्याही आधीची आहे. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्या जमाबंदीविषयी लिहिताना इतिहासकार ग्रँट डफ याने नोंदवले आहे की, प्रारंभी उत्पन्नाचा दोन-पंचमांश हिस्सा धान्यरूपाने घेतला जाई आणि पुढे त्याचे रोखीत रूपांतर करताना तो सुमारे एक-तृतीयांश मूल्याचा धरला गेला. मलिक अंबर १६२६ मध्ये मरण पावला. त्याची पद्धत कोकणात नेमकी कोठवर पोहोचली याविषयी अभ्यासकांत मतभेद असले, तरी रोखीत बदलताना हिस्सा कमी धरण्यामागची समज लक्ष देण्याजोगी आहे. धान्य विकण्याची खटपट, वाहतूक आणि भावातील जोखीम शेतकऱ्यावर येणार असेल, तर त्याची भरपाई दरातच केली पाहिजे, हे त्या जमाबंदीला ठाऊक होते.

१८१७-१८ मध्ये बेलापूर-पनवेलचा मुलूख इंग्रजांच्या हाती गेल्यावर ही समज टिकली नाही. कंपनी सरकारला धान्याची कोठारे सांभाळण्यात रस नव्हता, त्याला रोकड हवी होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ठाणे जिल्ह्यात मोजणी होऊन शेताशेतावर तीस वर्षांसाठी रोख आकार, म्हणजे ठरावीक सारा, बसवण्यात आला. हे रूपांतर पूर्वीच्या अनेक फुटकळ बाबी आणि पट्ट्या रद्द करणारे होते आणि शेतकऱ्याला आपले देणे आधी कळत होते, हा त्याचा निर्विवाद लाभ होय. त्याची दुसरी बाजू मात्र कागदावर दिसत नव्हती. वाट्याने दिलेले भात पीक बुडाले की आपोआप कमी होई; रोख आकार पाऊस पाहत नसे. हप्त्यांच्या तारखा कापणीनंतर लगेच येत, म्हणजे ज्या वेळी प्रत्येकाच्या खळ्यावर भात असे आणि भाव सर्वांत पडलेला असे, नेमक्या त्याच वेळी ते विकणे भाग पडे. पनवेल बंदरातून मुंबईला तांदूळ नेणारा व्यापारी आणि हप्त्यासाठी उचल देणारा सावकार ही या व्यवस्थेची अपरिहार्य अंगे बनली. पूर्वी सरकार पिकाच्या नशिबात भागीदार होते. नव्या पद्धतीत ते भागीदारीतून बाहेर पडले आणि सगळी जोखीम कुळाच्या माथी आली. पुढे पनवेल तालुका ठाणे जिल्ह्यातून कुलाबा जिल्ह्यात गेला, तरी या स्थितीत फरक पडला नाही.

आणखी एक विसंगती अशी की, सरकारने आपले येणे रोखीत बदलून घेतले असताना जमीनमालकाला ते बदलण्याची सक्ती केली नव्हती. खोत हा सरकार आणि कुळे यांच्यामधला वसूलदार. तो सरकारला रोख भरी आणि कुळाकडून मात्र भाताचा वाटा घेई. निम्मे पीक मालकाला देणाऱ्या कुळाला कोकणात ‘अर्धेली’ म्हणत. वरच्या टप्प्यावर नक्त आणि खालच्या टप्प्यावर ऐन जिन्नस, अशा या दुहेरी व्यवस्थेत भावातील चढउताराचा लाभ मधल्या माणसाकडे राही. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये सुरू झालेला आणि १९३९ पर्यंत चाललेला शेतकऱ्यांचा संप हा या व्यवस्थेला मिळालेला सर्वांत खंबीर नकार होता. कुळांनी शेते पडीक ठेवली, जंगलातील लाकूडफाटा आणि मिळेल ती मजुरी यांवर दिवस काढले, पण वाट्याने भात देणे मान्य केले नाही. दरम्यान १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती प्रत्यक्षात गेली ती १९४९ च्या कायद्याने. १९४८ च्या कूळकायद्यात पुढे झालेल्या सुधारणांनी खंडाची कमाल मर्यादा जमिनीच्या आकाराच्या पटीत, म्हणजे रोखीत बांधली, आणि १ एप्रिल १९५७ या ‘कृषक दिनी’ कुळाला जमिनीचा मालक मानण्यात आले. सरकारने आपल्यापुरते शंभर वर्षांपूर्वी करून घेतलेले रूपांतर कुळापर्यंत पोहोचायला एवढा काळ लागला.

धान्यापेक्षा चाकरीच्या रूपांतराचा इतिहास अधिक बोलका आहे, कारण तेथे रूपांतर कोणाला मिळाले आणि कोणाला नाकारले गेले, हे स्पष्ट दिसते. वतन म्हणजे गावाची किंवा परगण्याची वंशपरंपरागत चाकरी आणि त्या चाकरीपोटी मिळालेली जमीन, हक्क व मानपान. इंग्रजी अमलात मामलेदार आणि तलाठी आल्यावर देशमुख-देशपांडे यांच्या चाकरीची सरकारला गरज उरली नाही. १८६० च्या दशकात गॉर्डन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने दख्खनमध्ये आणि दक्षिण महाराष्ट्रात त्यांच्याशी ठराव केले: चाकरी माफ, वतन वंशपरंपरा चालू, आणि त्याच्या मोबदल्यात सरकारला दरवर्षी ठरावीक जुडी, म्हणजे पूर्ण आकाराहून कमी असा सारा. इनामदारांनाही १८६३ च्या कायद्यांनी अशीच वाट मोकळी करून दिली होती. इनामाच्या सनदेची कसून चौकशी टाळायची असेल, तर वार्षिक रक्कम मान्य करावी आणि जमीन निर्वेध ठेवावी, असा तो सौदा होता. १८७४ च्या वतन कायद्यातील १५ व्या कलमाने चाकरीचे रूपांतर करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याला रीतसर दिला.

परंतु याच कायद्याखालील महार वतनदारांच्या वाट्याला हे कलम आले नाही. सरकारी टपाल पोहोचवणे, वसुलाची रक्कम नेताना सोबत करणे, अधिकारी गावात आल्यावर त्यांच्या दिमतीला राहणे, जन्ममृत्यूची वर्दी देणे, अशी कामांची यादी कोठेही बांधलेली नव्हती. वतनदार नसला तर घरातील दुसऱ्या माणसाने काम करायचे, आणि मोबदला म्हणून थोडी वतन जमीन आणि रयतेकडून मिळणारे बलुते. देशमुखाची चाकरी निरुपयोगी झाली म्हणून ती माफ झाली. महाराची चाकरी उपयोगी आणि अत्यंत स्वस्त होती म्हणून ती चालू ठेवण्यात आली. या विषमतेवर बोट ठेवणारे विधेयक आंबेडकरांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात मांडले. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला तेव्हा नुकतेच एक वर्ष होत होते. वतनदाराने मागणी केल्यास त्याला चाकरीतून मुक्त करून वतन जमीन पूर्ण आकारावर त्याच्याकडे ठेवावी, आणि ज्यांची चाकरी चालू राहील त्यांच्या बलुत्याचे रोख पट्टीत रूपांतर करून ती साऱ्याबरोबर सरकारने वसूल करावी, हे त्या विधेयकाचे मर्म होते. बलुते धान्यात घेणे म्हणजे खळ्यावर जाऊन दरवर्षी मागणे, आणि मागणाऱ्याला अपमान सोसावा लागणे. रोख पट्टी सरकारकडून मिळाली असती तर गावाशी असलेले हे मिंधेपण तुटले असते. विधेयकाला सरकारी पक्षाचा विरोध झाला, प्रवर समितीत त्याचा आत्मा काढून घेण्यात आला आणि १९२९ मध्ये आंबेडकरांनी ते मागे घेतले. कोणते रूपांतर स्वातंत्र्य देते आणि कोणते नुसती वसुली सोपी करते, यातील भेद त्या विधेयकाइतक्या नेमकेपणाने मराठी मुलखात क्वचितच कोणी मांडला असेल.

कनिष्ठ गावकामगारांची वतने अखेर १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. जमीन पूर्वीच्या वतनदारांना आकाराच्या तिप्पट रक्कम भरून परत देण्याची तरतूद झाली खरी. पण ती ‘नवीन शर्तीवर’, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही अशा अटीवर. विक्रीची परवानगी मागताना सरकारला नजराणा भरावा लागे. चाकरी गेली, पण चाकरीची खूण सातबाऱ्यावर राहिली.

१७ मार्च १९७० रोजी सिडको या शासकीय महामंडळाची स्थापना झाली, तेव्हा या प्रदेशापुढे त्याच्या इतिहासातील सर्वांत मोठे रूपांतर उभे राहिले. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकातून मांडलेल्या कल्पनेला धनंजयराव गाडगीळ समितीच्या शिफारशींचा आधार मिळाला आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांचा सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचा प्रदेश नव्या शहरासाठी अधिसूचित झाला. जमीन घेण्याचे हत्यार होते १८९४ चा भूसंपादन कायदा. त्या कायद्याच्या नजरेत जमीन म्हणजे अधिसूचनेच्या दिवशीचा बाजारभाव. अधिसूचनेच्या दिवशी मात्र ती जमीन खाचर होती आणि शहराची किंमत तिला अद्याप यायची होती. शेतकऱ्याचा भाव जुन्या वस्तूवर ठरला आणि सिडकोने भूखंड विकले ते नव्या वस्तूच्या भावाने. तसर आणि बाजारभाव यांतील जुने अंतर येथे इतके रुंद झाले की, त्या दोहोंत एक संपूर्ण शहर मावले.

या अंतराला जनआंदोलनाचे रूप दिले शेतकरी नेते दि. बा. पाटील यांनी. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासईजवळील दास्तान फाटा आणि नवघर-न्हावा-शेवा परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलक शेतकरी मरण पावले. त्यांच्या स्मृतिदिनी आजही जासईला लोक जमतात. भूसंपादन कायद्यात त्याच वर्षी सुधारणा होऊन सक्तीच्या संपादनाबद्दलची दिलासा रक्कम १५ टक्क्यांवरून ३० टक्के झाली. पण उरण-पनवेलच्या आंदोलनाने मिळवलेली खरी गोष्ट वेगळी होती. रोख रकमेबरोबर विकसित जमिनीचाही हिस्सा द्यावा, हे तत्त्व सरकारने मान्य केले. १९९० च्या आणि पुढे १९९४ च्या शासन निर्णयांनी संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड प्रकल्पग्रस्ताला देण्याचे ठरले. मोबदल्याचे हे रूप शंभर वर्षांच्या ओघाला उलटे फिरवणारे होते; सारा, खंड, चाकरी, जमीन या सर्वांचे रोखीत रूपांतर झाल्यानंतर प्रथमच रोखीच्या जोडीला ऐन जिन्नस मागून घेतला गेला.

या योजनेतही दराचा खेळ बारकाव्यांत होता. साडेबारा टक्क्यांतून ३.७५ टक्के सार्वजनिक सुविधांसाठी वजा केले जात. म्हणजे एक हेक्टर जमीन गेलेल्या शेतकऱ्याच्या नावे १,२५० चौरस मीटर लागत आणि हाती ८७५ चौरस मीटर पडत. त्यावर दीड चटईक्षेत्र मिळे आणि काही भाग व्यापारी वापराला चाले. जमीन मालकीची गेली होती, भूखंड मिळाला तो साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. पात्रता, वारस दाखला, इरादापत्र, सोडत या पायऱ्यांत अनेकांची वर्षे गेली, आणि भूखंड हाती येण्याआधीच तो बांधकाम व्यावसायिकाला विकून शेतकरी, सिडको व व्यावसायिक यांच्यातील त्रिपक्षीय कराराने मोकळे होणारेही पुष्कळ झाले. दुसरीकडे कुटुंबे वाढली, गावठाणांची हद्द वाढली नाही, आणि लोकांनी स्वतःच्याच जुन्या जमिनीवर बांधलेल्या ‘गरजेपोटीच्या’ घरांना अतिक्रमण म्हटले गेले. तरीही या योजनेची तुलना केवळ रोख मोबदल्याशी केली, तर ती निःसंशय उजवी ठरते. नवी मुंबई विमानतळासाठी उठवलेल्या दहा गावांना २२.५ टक्के विकसित जमीन देण्याचे ठरले, आणि विमानतळाभोवतालच्या ‘नैना’ क्षेत्रातील नगररचना योजनांत शेतकऱ्याकडे ४० टक्के राखण्याचे तत्त्व आले. या वाढत्या आकड्यांमागे १९८४ ची किंमत आहे, हे विसरता येत नाही.

सातबाऱ्यावर नाव नसलेल्यांचे हक्क मात्र या सर्व हिशेबांबाहेर राहिले. खाडीतील मासेमारी हा कोळ्यांचा रूढ हक्क. त्याला गट नंबर नाही, आकार नाही, म्हणून संपादनाच्या कागदात त्याचा भावही नव्हता. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी राष्ट्रीय हरित लवादाने जवाहरलाल नेहरू बंदराच्या विस्तारामुळे उपजीविका गमावलेल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५.१९ कोटी रुपये देण्याचा आदेश दिला. प्रत्येक कुटुंबामागे पाच लाख चौऱ्यांशी हजार रुपये पडतात. मासेमारीच्या हक्कालाही रूपांतराचा दर असतो, हे बंदर सुरू झाल्यानंतर पंचवीस वर्षांनी एका न्यायासनाने सांगावे लागले.

‘कम्युटेशन’ या शब्दाचे उरलेले अर्थ याच शहरात शांतपणे नांदतात. शिक्षेच्या बाबतीत राज्यघटनेची ७२ आणि १६१ ही कलमे राष्ट्रपती व राज्यपाल यांना शिक्षा सौम्य करण्याचा अधिकार देतात. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांच्या सहा वर्षे काळ्या पाण्याच्या शिक्षेचे साध्या कैदेत रूपांतर होऊन त्यांना मंडालेला पाठवले गेले, ते याच प्रकारचे कम्युटेशन होते. तेथे दर नसतो, मर्जी असते, त्यामुळे त्या विषयाचा विचार वेगळा व्हावा. रेल्वेचा पास तर या शब्दाचा सर्वांत निरुपद्रवी वंशज म्हणावा लागेल. रोजच्या भाड्याऐवजी एकरकमी सवलतीचे भाडे भरणाऱ्या अमेरिकन प्रवाशांना एकोणिसाव्या शतकात ‘कम्युटर’ हे नाव पडले, आणि १९९२ मध्ये मानखुर्द-वाशी लोहमार्ग सुरू झाल्यावर नवी मुंबई अशा पासधारकांचेच शहर बनले. त्या मार्गाचा ६७ टक्के खर्च सिडकोने उचलला होता, म्हणजे पर्यायाने भूखंडांच्या विक्रीने.

बेलापूरच्या कोकण भवन या शासकीय इमारतीत मात्र हा शब्द रोज उच्चारला जातो. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतनाचे अंशराशीकरण) नियम, १९८४ यांनुसार शासकीय कर्मचारी आपल्या निवृत्तिवेतनाच्या ४० टक्क्यांपर्यंतचा भाग एकरकमी रकमेत बदलून घेऊ शकतो. बोलीभाषेत याला ‘पेन्शन विकणे’ म्हणतात. वयानुसार दराचा तक्ता छापील असतो, रूपांतर ऐच्छिक असते, आणि पंधरा वर्षांनी कापलेला भाग पुन्हा सुरू होतो. वसुली पंधरा वर्षांच्या आधीच पूर्ण होते, असा आक्षेप घेऊन निवृत्तांनी न्यायालयांत दाद मागितली आहे आणि तो आक्षेप तपासण्याजोगा आहे. तरी दर आगाऊ जाहीर असणे, निवड करण्याची मोकळीक असणे आणि ठरावीक मुदतीनंतर हक्क मूळ रूपात परत मिळणे, या तिन्ही गोष्टी एकत्र असलेले हे या परिसरातील एकमेव रूपांतर आहे. बेलापूर, पनवेल आणि उरणच्या शेतकऱ्यांच्या जमिनीच्या बाबतीत यांपैकी एकही गोष्ट १८९४ च्या कायद्यात नव्हती.